वाहनाचे वाहन

तान्ह्या पोळ्याची संध्याकाळ होती. आळीतील मुले चाकांचे लाकडी बैल दोरीने ओढीत घरोघर बोजारा मागत हिंडत होती. आमच्या घरातील सर्वांत धाकटे नातवंडही आपला बैल घेऊन ओसरीवर आले. दादांनी त्याच्या हातावर दहाची नोट ठेवली, आणि दादांची मुद्रा जराशी प्रसन्न झालेली पाहून तीच संधी साधून माझ्या पुतण्याने आपला बेत बोलून दाखविला. त्याला मालाची मोटार घ्यावयाची आहे. हल्ली चामोर्शीत लहानथोर सगळे तिला पिकअप म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरतो.

बेत असा. गाडीस सुमारे दहा लाख लागतील. पैकी आठ लाख बँक देईल. राहिलेल्या दोन लाखांसाठी बोडीखालचे दीड एकर धानाचे शेत गहाण टाकावे. गाडी हाती आली की पटाच्या हंगामात शर्यतीचे छकडे व बैलजोड्या गावोगाव पोचवावयाच्या, दिवाळीनंतर नाटकमंडळ्यांचे सामान वाहावयाचे, आणि एरवी दुकानदारांच्या नव्या मोटारसायकली, पॉवर टिलर, मळणीयंत्रे वगैरे गिऱ्हाइकांच्या दारी नेऊन द्यावयाची. मुलगा सव्वीस वर्षांचा आहे, पदवीधर आहे, आणि तीन वर्षे नोकरीच्या परीक्षा देऊन देऊन थकला आहे. त्याच्या बोलण्यात उतावळेपणा नव्हता. पाठ केलेले उत्तर म्हणावे तसे त्याने सारे एका दमात सांगितले व खाली बघत उभा राहिला.

दादांची प्रसन्नता अर्थातच मावळली. "आपल्या घरात आजवर कोणी भाड्याने गाडी हाकली नाही," एवढेच ते म्हणाले आणि पानाचा डबा पुढे ओढून बसले.

या वाक्याविषयी प्रथम दोन शब्द बोलतो आणि तो विषय संपवितो, कारण माझ्या मते त्यात फारसा अर्थ नाही. आमचे आजोबा पंचांग काखेत मारून सहा सहा कोस पायी जात आणि येताना कोणाच्या तरी भाड्याच्या बंडीत बसून येत. बंडीवाल्याने नाही म्हटले असते तर त्यांची एकादशी रानातच झाली असती. ज्याच्या श्रमावर आपण घरी सुखरूप पोचतो तो धंदा हलका, आणि सरकारी कचेरीत फायली एका मेजावरून दुसऱ्या मेजावर वाहणारा मात्र प्रतिष्ठित, हा न्याय मला चाळीस वर्षांच्या मास्तरकीत कधी उमगला नाही. 'भाडे' हा आपला अगदी घरगुती शब्द मूळ संस्कृत 'भाटक' यापासून आला आहे. आणि याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात भारवाहकाची जबाबदारी ज्या बारकाईने सांगितली आहे, तीवरून हा व्यवहार शास्त्रकारांना क्षुद्र वाटत नव्हता हे उघड आहे. राजाच्या किंवा दैवाच्या कोपावाचून माल नष्ट झाला तर वाहकाने भरून द्यावा. ऐन निघण्याच्या वेळी अडवणूक करील त्याने मजुरीच्या दुप्पट द्यावे. निघाल्यावर सोडून जाणाऱ्याने सातवा हिस्सा, वाटेत सोडील त्याने चौथा हिस्सा, आणि अर्ध्या वाटेवर सोडील त्याने संपूर्ण मजुरी द्यावी, असा तो नियम आहे. भाडे ठरवून देणाऱ्याने मध्येच अंग काढले तरी त्यालाही हाच दंड. आजकालच्या वाहतुकीच्या करारांतील निम्मी कलमे यात आली, असे म्हणण्यास हरकत नाही.

तेव्हा प्रश्न प्रतिष्ठेचा नाही. प्रश्न शेताचा आहे. बोडीखालचे ते दीड एकर म्हणजे आमच्या सोळा माणसांच्या घराचा वर्षाचा तांदूळ. आणि या प्रश्नाची नाडी त्या संध्याकाळी ज्यांनी नेमकी धरली त्या दादा नव्हेत आणि मीही नव्हे. त्या आमच्या वहिनी. त्या आतून दारापाशी आल्या आणि मुलाला म्हणाल्या, "जाताना तू लोकांचे सामान नेशील हे कळले. पण येताना काय आणशील? मी बाजारात गड्याला पाठविते, तो रिकाम्या हाताने परत आला तर मला चालत नाही. तुझी गाडी दोनशे कोसांवरून रिकामी आली तर कशी चालेल?"

पुतण्या निरुत्तर झाला. मीही झालो. त्या एका प्रश्नाचा छडा लावण्यात माझा पुढचा सबंध महिना गेला, आणि त्यात जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

माझा भाचा अमेरिकेत इंडियाना संस्थानात नोकरीस आहे. त्याच्याशी दूरध्वनीवरून बोलताना सहज ही गोष्ट निघाली, तेव्हा तो हसून म्हणाला, "मामा, हा धंदा तर आमच्या शेजारच्याच जिल्ह्यात चालतो." त्याने सांगितलेली हकीकत मोठी उद्बोधक आहे. त्या संस्थानाच्या उत्तर भागात एल्कहार्ट नावाचे शहर आहे. अमेरिकन लोक सुटीत ज्या फिरत्या घरांतून सहलीला जातात, म्हणजे ज्यांत निजण्याची जागा, चूल, न्हाणी सर्व काही असते, ती घरे बहुतेक सगळी या शहराच्या आसपासच्या कारखान्यांत तयार होतात. आपल्याकडेही २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हा ती वस्तू आता आपणांस अगदीच अपरिचित नाही. ही घरे दोन जातींची. काहींना स्वतःचे इंजिन असते, ती चालवीत न्यावी लागतात. बाकीच्यांना चाके असतात पण इंजिन नसते, ती दुसऱ्या गाडीमागे जोडून ओढीत न्यावी लागतात. कारखान्यापासून विक्रेत्यापर्यंत, कधी हजार हजार मैल, कधी थेट कॅनडापर्यंत, ती पोचविण्याचे काम करणारे शेकडो लोक तेथे आहेत, आणि त्यांतील पुष्कळांजवळ स्वतःची दणकट मोटार असते. नोकरीतून निवृत्त झालेले, नवराबायको मिळून हिंडणारे, असेही त्यांत आहेत म्हणे. देश पाहावा आणि वर पैसेही मिळवावेत, अशी ती कल्पना. ऐकणाऱ्यास भुरळ पडेल अशीच आहे.

परंतु खरी मेख पुढे आहे. मजुरी मैलावर ठरते, आणि तीही भरल्या गाडीच्या मैलावर. घर विक्रेत्याच्या अंगणात सोडले की तेथून परत एल्कहार्टपर्यंतचा सगळा रस्ता हा मनुष्य आपल्या पदरच्या तेलावर कापतो. टायर त्याचे, विमा त्याचा, रात्रीचा मुक्काम त्याचा, आणि वाटेत घराला ओरखडा गेला तर तोही बहुधा त्याच्याच माथी. येथे याज्ञवल्क्य आठवल्यावाचून राहत नाही. भाच्याने एक मार्मिक भेद सांगितला. ज्याचे इंजिन स्वतःचे आहे असे घर चालवीत नेणारा मनुष्य परत येताना विमानाचे किंवा बसचे तिकीट काढतो, त्याच्या मागे काही ओझे नसते. स्वतःच्या मोटारीने ओढून नेणाऱ्यास मात्र ती मोटार परत आणावीच लागते. म्हणजे ज्याच्याजवळ भांडवल नाही तो परतताना मोकळा, आणि ज्याने भांडवल घातले तोच बांधलेला!

हाच भेद आपल्याकडेही आहे. पिंपरी, जमशेदपूर येथील कारखान्यांतून नव्या ट्रकांचे सांगाडे, ज्यांस चासी म्हणतात, विक्रेत्यांकडे पोचविण्यासाठी चालकांचा मोठा वर्ग आहे. मागे हौदा नाही, पुष्कळदा वर धड टप देखील नाही. फळीवर बसून, तोंडाला फडके गुंडाळून, ऊन आणि वारा अंगावर घेत हे लोक शेकडो कोस जातात. गाडी सोपविली की पिशवी खांद्याला लावून आगगाडीने किंवा एस. टी.ने परत. त्यांच्या कष्टांचे मी कौतुक करीत नाही, ते हालच आहेत. पण त्यांचे शेत कोणाकडे गहाण नसते, एवढे खरे.

आणखी एक गोष्ट भाच्याने सांगितली तिने माझी झोप उडाली. महामारीच्या काळात लोकांना हॉटेलांची भीती वाटू लागली आणि फिरत्या घरांना एकाएकी मागणी आली. २०२१ साली कारखान्यांतून ६ लाखांवर घरे बाहेर पडली, असा उच्चांक पूर्वी कधीच झाला नव्हता. २०२३ साली तीच संख्या ३ लाख १३ हजारांवर आली. दोन वर्षांत निम्मी! ज्यांनी २०२१ साली चढ्या भावात मोटारी घेतल्या त्यांचे हप्ते मात्र निम्मे झाले नाहीत. याच शहराने २००८-०९ च्या मंदीतही असाच अनुभव घेतला होता. तेव्हा तेथील बेकारी शेकडा १५ च्या वर गेली आणि राष्ट्राध्यक्ष ओबामा पदावर येताच पहिल्या महिन्यातच तेथे भेट देण्यास आले होते. चैनीची वस्तू वाहणाऱ्याचे पोट लोकांच्या चैनीवर, आणि चैन ही माणूस सर्वांत आधी सोडतो.

आता आपल्या मुलखाकडे वळू. पुतण्याच्या बेतातील मुख्य आधार पट. आमच्या झाडीपट्टीबाहेरील वाचकांसाठी सांगतो, शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. धान घरात आले की गावोगाव पट भरतात, आणि पटाच्या रात्री नाटक हे ठरलेलेच. मला स्वतःला पटाचे वेड नाही. बैलांचे हाल होतात असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे मी अगदी झिडकारीत नाही. पण मुद्दा निराळा आहे. पूर्वी जोड्या पायी येत, छकडाही तिलाच जुंपलेला असे. हल्ली मोलाचा बैल कोणी वीस कोस चालवीत नाही. त्याला पिकअपमध्ये चढवितात, छकड्याची चाके काढून तो वर बांधतात, आणि शर्यतीच्या गावी नेऊन उतरवितात. एल्कहार्टच्या फिरत्या घरात आणि या छकड्यात मला तरी तत्त्वतः फरक दिसत नाही. दोन्ही मौजेची वाहने, आणि दोन्ही दुसऱ्या वाहनावाचून जागची हलत नाहीत.

परंतु ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती बंद झाल्या. त्या पुन्हा सुरू करण्यास महाराष्ट्रात न्यायालयाची अनुमती मिळाली ती १६ डिसेंबर २०२१ रोजी, आणि कायद्याची वैधता पक्की झाली ती १८ मे २०२३ रोजी. मध्ये साडेसात वर्षे गेली. त्या काळात कोणी केवळ पटाच्या भरवशावर गाडी घेतली असती तर पाच वर्षांचे कर्ज शर्यतीचे एकही भाडे न मिळता फेडावे लागले असते. परवानगी मिळाली तीही अटींसह. शिवाय जनावरे वाहण्याचे नियम आहेत. गाडीत निराळे कप्पे हवेत, प्रवासास योग्य असल्याचा पशुवैद्याचा दाखला हवा. पुतण्याने या गोष्टींचा विचार केला होता काय, असे विचारता तो म्हणाला, "काका, सगळे असेच नेतात." हे उत्तर मी वर्गात हजार वेळा ऐकले आहे.

या कामी मला खरा उपयोग झाला तो माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा. गणितात तो कधीच पस्तिसाच्या वर गेला नाही. आज बारा वर्षे स्वतःची पिकअप चालवितो आणि त्याचा हिशेब माझ्यापेक्षा चोख आहे. रविवारी तो घरी आला, ओसरीवर मांडी घालून बसला, आणि चहा घेता घेता म्हणाला, "गुरुजी, पटाचे भाडे येण्या-जाण्याचे मिळते, त्यात रिकामा फेरा नाही. पण दोन दिवस मुक्काम पडतो, त्या दोन दिवसांचे कोणी देत नाही. आणि जोडी हरली की मालक म्हणतो, पुढच्या पटाला देतो." नाटकाच्या सामानाविषयी तो म्हणाला की ते काम बरे, कारण आज या गावी, उद्या त्या गावी, असे सलग चालते, पण रात्रभर प्रयोग, पहाटे रंगमंच उतरवावयाचा, आणि न झोपता गाडी हाकावयाची. "झोप लागली तर भाडे कोणाला मागू?" हे त्याने इतक्या सहज विचारले की मला काही क्षण बोलता आले नाही.

मग मी पाटी काढली. होय, अजून आमच्या घरी पाटी आहे. आकडे समजुतीसाठी गोल घेतले आहेत, वाचकांनी आपापल्या ठिकाणचे घालून पाहावेत. समजा, दोनशे किलोमीटरांवर माल पोचवावयाचा आहे आणि भाडे पाच हजार ठरले. जाणे-येणे चारशे किलोमीटर. लिटरला बारा किलोमीटर धरले तर तेहतीस लिटर तेल, म्हणजे सुमारे तीन हजार रुपये. राहिले दोन हजार. पथकर आणि दोन वेळचे जेवण सहाशे. राहिले चौदाशे. टायर, ऑईल, दुरुस्ती यांसाठी किलोमीटरला दोन रुपये बाजूस ठेविले तर आठशे आणखी गेले. शिल्लक सहाशे. आता आठ लाखांचा पाच वर्षांचा हप्ता, व्याज दहा टक्के धरून, महिना सतरा हजार. विमा, कर, परवाना, पासिंग मिळून महिन्याचे साडेतीन हजार. एकूण साडेवीस हजार. सहाशेच्या हिशेबाने हे भागविण्यास महिन्यात पस्तीस फेऱ्या हव्यात, आणि महिन्यास दिवस तीसच.

आता त्याच गाडीला परत येताना अडीच हजारांचेच भाडे मिळाले असे समजा. तेल जवळजवळ तितकेच, पथकर तोच, टायर तेच. शिल्लक सहाशेची एकतीसशे झाली. मग सात फेऱ्यांत महिन्याचा बोजा फिटतो, आणि आठव्या फेरीपासून घरात पैसा येऊ लागतो. पाटी मी पुतण्यापुढे केली. तो बराच वेळ पाहत राहिला. वहिनींनी चष्मा लावून पाहिली आणि काही न बोलता आत गेल्या.

गाडीची किंमत दरसाल उतरते हा भाग तर मी पाटीवर घेतलाच नव्हता. भाड्याने चालणाऱ्या मालमोटारीवर आयकराचा कायदा वर्षास शेकडा ३० घसारा मान्य करतो. सरकारचे मन सहसा उदार नसते, तेव्हा ज्या वस्तूची किंमत इतक्या वेगाने उतरते असे तेही कबूल करते तिच्यासाठी, जिची किंमत उतरत नाही ते शेत गहाण टाकणे कितपत शहाणपणाचे, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

परतीचा माल ही काही नवी विद्या नव्हे. आमच्या या जंगलपट्टीतून शेदोनशे वर्षांमागे लमाणांचे तांडे जात. शेकडो बैल, प्रत्येकाच्या पाठीवर गोणी. इकडचे धान्य घेऊन ते पूर्वकिनाऱ्याकडे उतरत आणि येताना मीठ घेऊन येत. त्यांचा बैल एका वाटेनेही रिकामा चालत नसे, आणि म्हणूनच इतक्या दूरचा व्यापार त्यांना परवडे. तेल त्यांना लागत नव्हते, चारा रानातला. तरीसुद्धा रिकामा फेरा त्यांनी टाळला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगगाडी आली आणि तो सगळा व्यापार बसला. लमाणांचा त्यात काय दोष होता? काहीच नाही. वाट बदलली.

वाट बदलणे म्हणजे काय, हे आमच्या तालुक्यास सध्या डोळ्यांपुढे दिसत आहे. एटापल्ली तालुक्यातील सूरजागडचे लोहखनिज गेली काही वर्षे आलापल्ली-आष्टीच्या रस्त्याने ट्रकांतून येत असे, आणि त्या वाहतुकीच्या आशेने आमच्या ओळखीतील दोघांतिघांनी कर्ज काढून ट्रक घेतले. पुतण्याच्या मनातही प्रथम तेच होते. २०२५ च्या जुलै महिन्यात हेडरीपासून आमच्या तालुक्यातील कोनसरीपर्यंत ८५ किलोमीटरांच्या नळवाहिनीचे उद्घाटन झाले. खनिज दळून, पाण्यात कालवून, त्याचा राडा नळातून थेट कारखान्यात सोडावयाचा, अशी ती योजना. नळाला टायर लागत नाहीत, झोप येत नाही, आणि परतीचा प्रश्नही पडत नाही. रस्त्यावरची धूळ आणि अपघात कमी होतील म्हणून पुष्कळांना बरे वाटले, मलाही वाटले. ज्याच्या दारात ट्रक उभा आहे आणि हप्ता चालू आहे त्याला काय वाटले असेल, हेही मनात येऊन गेले. ट्रकांना सगळेच काम नाहीसे होईल असे मी म्हणत नाही. कारखाना म्हटला की माल येतो आणि जातो. पण कोणते काम राहील हे ठरविणे ट्रकवाल्याच्या हाती नाही.

इतके सगळे पाहिल्यावर मी दादांना काय सांगितले, असे वाचक विचारतील. मी त्यांना सांगितले की मुलास नाही म्हणू नका. नोकरीच्या परीक्षांचे भाडेही एकाच बाजूचे असते. तीन वर्षांत तो कितीदा नागपुरास गेला आणि कितीदा रिकामा परत आला, हे आपण मोजले नाही एवढेच. गाडी हाकण्यात लाज नाही. मात्र शेतास हात लावू नये. आमच्या त्या जुन्या विद्यार्थ्यास एका सोबत्याची गरज होतीच. त्याच्या गाडीवर पुतण्याने एक हंगाम काढावा, महाशिवरात्रीस मार्कंड्याची यात्रा होईपर्यंत रोजची वही लिहावी, आणि मग वही पाहून ठरवावे, असे मी सुचविले. दादांनी पानाचा डबा मिटला. त्यांच्या भाषेत तो होकार असतो. पुतण्याला प्रथम ते रुचले नाही. दुसऱ्याच्या गाडीवर राबणे आणि स्वतःच्या गाडीचे स्वप्न पाहणे यांत अंतर आहे, हे मीही जाणतो. दोन दिवस तो घुश्शातच होता. तिसऱ्या दिवशी पहाटे तो डबा मागावयास स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

वही वहिनींनी स्वतः आखून दिली. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यांनी दोनच रकाने पाडले, एकावर लिहिले 'नेले', दुसऱ्यावर 'आणले'. दिवाळीनंतरच्या महिन्यात मी ती वही पाहिली. 'नेले' या रकान्यात नाटकाचे पडदे आहेत, तीन मोटारसायकली आहेत, एक मळणीयंत्र आहे, पटाची एक जोडी आहे. 'आणले' या रकान्यात आरंभी आठदहा ओळी सरळ रेघा मारलेल्या आहेत. मग एके ठिकाणी 'मूल, तांदळाचा कोंडा' असे लिहिले आहे. त्याखाली पुन्हा दोन रेघा. मग 'वडसा, किराणा, दोन दुकानदार मिळून'. त्यापुढे दर तीनचार ओळींत काहीतरी आहे. पुतण्याकडे चौकशी केली तेव्हा कळले की माल सोडला म्हणजे लगेच गाडी वळवायची नाही, आधी बाजारात एक चक्कर मारून दोन दुकानांत विचारायचे, अशी युक्ती त्याने काढली आहे. त्यात तासभर मोडतो आणि सोबतचा चालक कुरकुर करतो.

परवा रात्री तो अकराच्या सुमारास घरी आला. वहिनी जागत बसल्या होत्या. पाय धुऊन होण्याआधीच त्यांनी विचारले, "आज काय आणलेस?"

"सिरोंच्याच्या वाटेने आलो, आई. काही मिळाले नाही," तो म्हणाला, आणि कोनाड्यातील वही काढून त्याने त्या दिवसापुढे रेघ मारली.